स्टेजचा तळ कसा ठरवायचा: मेइशानचा २७सी थर समोर ठेवून

भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला येणाऱ्या मुलांना कालमापनाचा तक्ता तोंडपाठ असतो. चांगशिंगियन, इंडुअन, ओलेनेकियन, ॲनिसियन. ही स्टेजची, म्हणजे भूशास्त्रीय काळाच्या लहान टप्प्यांची नावं. पण यातल्या दोन नावांमधली आडवी रेघ प्रत्यक्षात कुठल्या दगडावर आहे, असं विचारलं की वर्ग शांत होतो. ती रेघ खरोखरच एका दगडावर असते. चांगशिंगियन आणि इंडुअन यांच्यामधली, म्हणजेच पर्मियन आणि ट्रायासिक या दोन कल्पांमधली रेघ चीनच्या झेजियांग प्रांतात मेइशान इथे चुनखडीच्या एका जुन्या खाणीत आहे, २७सी नावाच्या थराच्या बुडाशी. तिचं वय सुमारे २५ कोटी १९ लाख वर्षं.

मी पुण्यात कोनोडोंट नावाच्या सूक्ष्म जीवाश्मांवर काम करते. इथे पायाखाली सगळा बेसाल्ट, त्यामुळे माझ्या टेबलावर येणारी चुनखडी बहुतेक हिमालयातल्या स्पितीची असते. मेइशानची रेघ मी मारलेली नाही, पण ती ज्या पद्धतीने मारली गेली तीच रोज वापरते. तुमच्या हातात एखादा उघडा पडलेला थरसमूह आला आणि त्यातून स्टेजचा तळ ठरवायचा झाला, तर काय करावं लागेल ते इथे सांगते.

तळ ठरवा, माथा सोडून द्या

आपण ठरवतो तो फक्त तळ. वरच्या स्टेजचा तळ ठरला की खालच्या स्टेजचा माथा आपोआप ठरतो. दोन्ही टोकं वेगवेगळी ठरवायला गेलं तर मध्ये काळ सुटतो, नाहीतर दोन स्टेज एकमेकांवर चढतात. एकोणिसाव्या शतकात हा घोळ भरपूर झाला. आल्सिद दॉर्बिन्यीने १८४० च्या दशकात जुरासिकचे टप्पे पाडले, बहुतेकांना गावांची आणि परिसरांची नावं दिली. दर टप्प्याच्या शेवटी सगळी जीवसृष्टी नष्ट होते आणि नवी येते, अशी त्याची समजूत होती. पण एका गावचे थर आणि दुसऱ्या गावचे थर यांच्यामध्ये किती काळ गेला हे कुणालाच सांगता येईना.

पुढची पायरी आल्बेर्ट ओपेलची. १८५६ ते १८५८ या काळात त्याने इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनीतले जुरासिक थर शेजारी ठेवून पाहिले. दगड वाळूचा आहे की चुन्याचा, याकडे त्याने लक्ष दिलं नाही. कुठली जात कुठे सुरू होते आणि कुठे संपते, एवढंच टिपलं आणि त्यावरून पट्टे आखले. मला हा माणूस फार मोठा वाटतो. तो अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला, पण त्याआधी श्लागिंटवाइट बंधूंनी हिमालयातून नेलेले ॲमोनाइटही (गुंडाळलेल्या शंखाचे समुद्री प्राणी) त्याने अभ्यासले. आपल्या देवघरातला नेपाळचा शाळिग्राम ज्या समुद्राच्या गाळातून येतो, त्याच समुद्रातले हे प्राणी.

आजची पद्धत १९७२ पासूनची. त्या वर्षी मॉन्ट्रियलच्या आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषदेत डेव्होनियनचा तळ तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या क्लोंक या टेकडीवर, मोनोग्राप्टस युनिफॉर्मिस या ग्रॅप्टोलाइटच्या (वसाहतीने राहणारा नामशेष समुद्री जीव) पहिल्या दर्शनाच्या आधाराने पक्का झाला. जगात एकच जागा, त्या जागेतला एकच थर आणि त्या थरातला एकच बिंदू. यालाच जीएसएसपी (ग्लोबल बाउंडरी स्ट्रॅटोटाइप सेक्शन अँड पॉइंट) म्हणतात. बोलताना सगळे ‘गोल्डन स्पाइक’ म्हणतात, आणि काही ठिकाणी दगडात खरंच धातूची खूण बसवलेली असते.

जागा निवडताना

गाळ न थांबता साचलेला हवा. मध्ये खंड असेल तर तुमची जात नेमकी त्या गेलेल्या काळात जन्मली असेल आणि तुम्हाला ती अचानक उगवल्यासारखी दिसेल. गाळ समुद्रातला हवा, कारण समुद्री जीव दूरवर पसरतात. थर मोडलेले, दुमडलेले नसावेत आणि फार तापलेले नसावेत. उष्णतेने आधी जीवाश्मांचा रंग बदलतो, मग खडकाची चुंबकीय नोंद पुसली जाते, आणि समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) प्रमाणावरही विश्वास ठेवता येत नाही. शिवाय कुठल्याही देशाच्या अभ्यासकाला तिथे जाता आलं पाहिजे आणि ती जागा पुढेही सांभाळली गेली पाहिजे.

इंडुअनच्या तळासाठी चार जागा चर्चेत होत्या: मेइशान, सिचुआनमधलं शांगसी, तिबेटमधलं सेलोंग आणि काश्मीरमधली गुरयुल घळ. गुरयुल श्रीनगरजवळ खुनमोहच्या वर आहे. तिथे पर्मियनकडून ट्रायासिककडे जाणारे थर मेइशानपेक्षा कितीतरी जाड आहेत. मेइशानमध्ये जो काळ वीतभर दगडात दाबलेला आहे, तो तिथे ऐसपैस पसरलेला दिसतो. पण तिथला खडक जास्त तापलेला आहे आणि १९९० च्या दशकात तिथे जाऊन शांतपणे काम करणं शक्य नव्हतं. शास्त्राच्या दृष्टीने मला आजही गुरयुलची हळहळ वाटते. या स्टेजचं नावही सिंधू नदीवरून आलेलं आहे.

थर मोजणे आणि नमुने घेणे

थरांना खालून वर क्रमांक द्या. मेइशानच्या डी विभागात अनेक वर्षांच्या कामातून असे क्रमांक पडले आणि आता जगभर तेच वापरतात. २५ वा थर म्हणजे सुमारे ४ सेंटीमीटरची फिकट, ज्वालामुखीच्या राखेची माती. २६ वा म्हणजे सुमारे ६ सेंटीमीटरची गडद माती. २७ वा म्हणजे सुमारे १६ सेंटीमीटरची चुनखडी, तिचे ए, बी, सी, डी असे साधारण चार-चार सेंटीमीटरचे भाग. २८ वा पुन्हा राख. एवढ्याशा दगडावर हजारो पानं लिहिली गेली आहेत.

नमुने घ्यायला सगळ्यात खालच्या थरापासून सुरुवात करा. वरचा थर आधी फोडलात तर त्याचा चुरा खाली पडतो, आणि उद्या खालच्या थरात ‘नवी’ जात सापडल्याचा भास होतो. प्रत्येक पिशवीवर बाहेर क्रमांक लिहा आणि आत चिठ्ठीही टाका. हिमालयात बाहेरचा क्रमांक घासून जातो. दगडावर दिशेचा बाण काढा, वर कुठे आणि खाली कुठे ते कळायला. सुरुवातीला नमुने थोडे लांब अंतराने घ्या. जीवाश्म कुठे बदलतात ते कळलं की पुन्हा जा आणि त्या पट्ट्यात दर दोन-तीन सेंटीमीटरला घ्या. या दुसऱ्या खेपेशिवाय कुणाच्याही रेघेवर मी विश्वास ठेवत नाही. राखेचे नमुने वेगळ्या, स्वच्छ पिशवीत घ्या. त्यांचं काम पुढे येतं.

आम्लाची बादली

कोनोडोंट म्हणजे बाममाशासारख्या एका लांबट समुद्री प्राण्याच्या तोंडातले दातांसारखे भाग. १८५६ मध्ये त्यांचं पहिलं वर्णन झालं, पण ते कुणाच्या तोंडातले हे १९८३ पर्यंत माहीत नव्हतं. त्या वर्षी स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोजवळच्या दगडातून मिळालेल्या त्या प्राण्याच्या मऊ शरीराच्या ठशाचं वर्णन प्रसिद्ध झालं. हे दात कॅल्शियम फॉस्फेटचे असतात आणि चुनखडी कॅल्शियम कार्बोनेटची. आमचं सगळं काम या फरकावर चालतं.

एक-दोन किलो चुनखडीचे चार-पाच सेंटीमीटरचे तुकडे करा. प्लास्टिकच्या बादलीत जाळीच्या टोपलीत ठेवा आणि वर सुमारे १० टक्के ॲसेटिक आम्ल ओता. हायड्रोक्लोरिक वापरू नका. ते कार्बोनेट झटकन विरघळवतं, पण दातही खाऊन टाकतं. नवं आम्ल ओताल तेव्हा आधीच्या खेपेचं थोडं वापरलेलं द्रव त्यात मिसळा. त्यात विरघळलेलं कॅल्शियम ॲसेटेट दातांना सांभाळतं. काम फ्यूम हूडखाली, हातमोजे आणि चष्मा घालून. घाई करू नका. काही नमुने आठवडे घेतात आणि चिकणमाती जास्त असेल तर मध्येच अडतात.

उरलेला गाळ दोन चाळण्यांतून धुवा: वरची १ मिलिमीटरची, खालची ७५ मायक्रॉनच्या आसपासची. पुढचा नमुना ओतण्याआधी चाळणी घासा आणि मिथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवा. जाळीत आधीचे कण अडकले असतील तर ते निळे होतात, आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली निळा कण दिसला की तो या नमुन्यातला नाही हे लगेच कळतं. माझ्या प्रयोगशाळेत ही पायरी कुणालाही चुकवता येत नाही. २७बी आणि २७सी यांच्यामध्ये चार सेंटीमीटरचं अंतर आहे. चाळणीतला एक दात इकडून तिकडे गेला तर कल्पाची सीमा हलते.

गाळ मंद आचेवर वाळवा आणि सोडियम पॉलिटंगस्टेटच्या जड द्रवात टाका. घनता २.८ च्या आसपास ठेवली तर क्वार्ट्‌झ आणि कॅल्साइट तरंगतात, दात बुडतात. बुडालेलं काळ्या तबकात पसरा आणि ओल्या केलेल्या तीन शून्यांच्या ब्रशने एकेक उचला. एक दात अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. त्याचा रंग लिहून ठेवा. फिकट पिवळा म्हणजे खडक फारसा तापलेला नाही. काळा म्हणजे ३०० अंश सेल्सियसच्या वर गेलेला. एका किलोत शंभर मिळतील, कधी एकही मिळणार नाही. शून्य मिळालं तरी तक्त्यात शून्य लिहा, रकाना रिकामा सोडू नका.

कुठली जात निवडायची

मेइशानची जात आहे हिंडिओडस पार्वस. तिचा मुख्य दात बारीक शिरेसारखा असतो, त्याच्या एका टोकाला उंच सुळा आणि मागे बुटक्या दातऱ्यांची रांग. सुळा दातऱ्यांच्या दुप्पट किंवा त्याहून उंच, दातऱ्या जवळजवळ सारख्या. मेइशानच्या खालच्या थरांत तिचे पूर्वज मिळतात, त्यांचा सुळा एवढा उंच नसतो. वर २७डी पासून इसार्सिसेला वंश दिसू लागतो, त्याच्या कडेला जादा दातरी फुटते. म्हणजे एकाच जागी आधी कोण, मग कोण आणि नंतर कोण, अशी साखळी हाताशी असते.

ही साखळी का हवी? जात दोन कारणांनी पहिल्यांदा दिसू शकते: एकतर ती तिथेच किंवा त्याच काळात उत्क्रांत झाली, नाहीतर दुसरीकडे आधीपासून होती आणि समुद्र बदलल्यावर इथे आली. दुसऱ्या बाबतीत तुमची रेघ एका ठिकाणी एका काळाची आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या काळाची होते. पूर्वज आणि वंशज एकमेकांवर सापडले तरच पहिल्या कारणाकडे बोट दाखवता येतं.

पार्वसच्या आधी ट्रायासिकचा तळ ओटोसेरास या ॲमोनॉइडवरून (ॲमोनाइटच्या जुन्या नातेवाइकावरून) सांगत. कार्ल ग्रीसबाख या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्याने १८८० मध्ये हिमालयातून ओटोसेरास वुडवर्डी वर्णन केला, आणि पुढची शंभर वर्षं हिमालयाचे ‘ओटोसेरासचे थर’ म्हणजे ट्रायासिकची सुरुवात असं मानलं गेलं. ॲमोनॉइड हातात मावतो, हातोडा मारला की दिसतो, त्याला बादली लागत नाही. तरीही तो मागे पडला. ओटोसेरासला थंड पाण्याची आवड. हिमालयात आणि आर्क्टिकमध्ये मिळतो, विषुववृत्ताजवळच्या समुद्रात जवळजवळ नाहीच. आणि आर्क्टिकच्या जाती हिमालयाच्या जातीच्याच वेळच्या आहेत का, यावर वाद होता. पार्वस मात्र उथळ पाण्यात, खोल पाण्यात, थंडीत आणि उष्णतेत सगळीकडे मिळतो. १९८० च्या दशकात यिन होंगफू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मुद्दा लावून धरला.

संहाराच्या रेघेवर स्पाइक का नाही

मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि यावर मी जरा जास्त वेळ देते. पृथ्वीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा संहार मेइशानमध्ये २५ व्या थराच्या बुडाशी दिसतो. स्पाइक त्याच्या वर, साधारण वीतभर अंतरावर, सुमारे चाळीस हजार वर्षं नंतरच्या बिंदूवर आहे. मग रेघ थेट संहारावरच का मारली नाही?

कारण शेवट सिद्ध करता येत नाही. एखादी जात शेवटची सापडली तो थर म्हणजे ती नामशेष झाली तो थर नव्हे. जी जात मुळातच विरळ, तिचा शेवटचा जीवाश्म तिच्या खऱ्या शेवटाच्या बराच खाली मिळतो. त्यामुळे एका झटक्यात झालेला संहारही दगडात हळूहळू झाल्यासारखा दिसतो. १९८२ मध्ये सिग्नर आणि लिप्स यांनी हे नीट मांडलं. शिवाय प्राणी मेले म्हणून नाहीत की त्या जागी समुद्र बदलला म्हणून नाहीत, हे नुसत्या न सापडण्यावरून कळत नाही. नव्या जातीचं तसं नसतं. ती सापडली की सापडली. ‘निदान एवढ्या काळापासून ती आहे’ हे विधान कुणालाही खोडता येत नाही. पहिलं दर्शनही अपुरं असू शकतं, पण ती त्रुटी जास्त नमुने घेऊन कमी करता येते.

म्हणून माझं ठाम मत आहे की मेइशानचा निर्णय योग्य होता. मोठी घटना वर्णन करायची असते, मोजणी सुरू करायची असते ती जन्मापासून.

बाकीचे साक्षीदार

एका दातावर कल्प उभा करू नका. वाळवंटात किंवा नदीच्या गाळात साचलेल्या त्याच काळाच्या खडकात कोनोडोंट नसतात. तिथे दुसरी खूण लागते. मेइशानमध्ये सीमेच्या आसपास कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण एकदम घसरतं, आणि ही घसरण जगभर, जमिनीवरच्या गाळातही दिसते. चुंबकीय दिशांचे पालट हा दुसरा साक्षीदार. आणि राख. २५ आणि २८ या दोन्ही राखेच्या थरांमध्ये झिरकॉन या खनिजाचे कण आहेत. त्यांच्यातल्या युरेनियम-शिशाच्या मोजणीतून २०१४ मध्ये त्या दोन थरांची वयं २५.१९४१ कोटी आणि २५.१८८० कोटी वर्षं अशी आली. रेघ त्या दोघांच्या मध्ये आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. वर्षांचा आकडा ही व्याख्या नव्हे. पुढची मोजणी जास्त चांगली झाली तर आकडा बदलेल, रेघ तिथेच राहील. पार्वससुद्धा व्याख्या नव्हे. तो रेघ दुसरीकडे ओळखायला मदत करतो. व्याख्या म्हणजे दगडातला तो बिंदू.

मतदान आणि नंतर

सगळं लिहून आधी त्या सीमेच्या कार्यगटाकडे द्यायचं, मग त्या कल्पाच्या उपआयोगाकडे, मग आंतरराष्ट्रीय स्तरविज्ञान आयोगाकडे. प्रत्येक ठिकाणी ६० टक्के मतं लागतात. शेवटी भूशास्त्राचा आंतरराष्ट्रीय संघ शिक्कामोर्तब करतो. मेइशानचं ते मार्च २००१ मध्ये झालं. पुढे त्याच खाणीत, बऱ्याच खालच्या थरात, चांगशिंगियनचाही तळ ठरला, त्यामुळे त्या स्टेजच्या दोन्ही कडा एकाच जागी बघता येतात.

शिक्का बसल्यावर निदान दहा वर्षं बदल करायचा नाही, असा नियम आहे. तो लागतो. फ्रान्समधल्या ला सेर इथे १९९० मध्ये कार्बोनिफेरसचा तळ सायफोनोडेला सल्काटा या कोनोडोंटवरून ठरला. नंतर ती जात रेघेखालच्या थरातही सापडली आणि ती सीमा पुन्हा तपासायला घ्यावी लागली. न्यूफाउंडलंडच्या फॉर्च्यून हेडला कँब्रियनचा तळ १९९२ मध्ये ट्रेप्टिक्नस पेडम या बिळाच्या ठशावर ठरला. तो ठसाही पुढे रेघेच्या खाली मिळाला. तुमच्या तळाखाली अजून किती मीटर दगड तपासला आहे, हे म्हणूनच अहवालात स्पष्ट लिहा.

आपल्याकडचं जवळचं काम आहे इंडुअनच्या वरच्या रेघेचं, म्हणजे ओलेनेकियनच्या तळाचं. स्पितीच्या पिन खोऱ्यातलं मुद गाव आणि चीनमधलं चाओहू हे तिचे मोठे उमेदवार. मुदचा औपचारिक प्रस्ताव २००७ मध्ये मांडला गेला. खूण आहे वागेनी नावाचं कोनोडोंट, कच्छ आणि सॉल्ट रेंजमध्ये काम केलेल्या विल्हेल्म वागेनच्या नावाचं. ही जात किती ढोबळ धरायची आणि तिचे कुठले प्रकार वेगळे काढायचे, त्यावर रेघ वर-खाली होते. मुदला गेलात तर क्रमांक घातलेल्या थरांच्या मुख्य उभ्या पट्टीवर हातोडा मारू नका. तोच थर बाजूला काही मीटरवर पुढे जातो. नमुना तिथून घ्या, मुख्य पट्टीपासूनचं अंतर वहीत लिहा, आणि उरलेला दगड व वेचलेले दात क्रमांकासह एखाद्या संस्थेच्या संग्रहात जमा करा.